फ्रेंच गाण्याच्या यात्रेला

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेल नांवाचें एक जुनें बंदर आहे. बंदराच्या तोंडाशीं दोन दगडी बुरूज समोरासमोर उभे आहेत. पूर्वीं रात्र पडली कीं या दोन बुरुजांमध्यें एक अवजड सांखळी ताणली जाई, आणि मग कोणतेंही जहाज आंत येऊं शकत नसे. दरवर्षीं जुलै महिन्यांत, फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाच्या सुमारास, या बुरुजांजवळच्या पटांगणावर कांहीं दिवस हजारों माणसें जमतात. तीं जमतात तीं गाणें ऐकावयास. आणि तेंही मुख्यतः एकाच भाषेंतील गाणें. या उत्सवाचें नांव ‘फ्रांकोफोली’. ‘फोली’ म्हणजे वेड. तेव्हां ‘फ्रेंचचें वेड’ असा या नांवाचा अर्थ करावयास हरकत नाहीं.

या गर्दींत बहुसंख्य लोक अर्थातच फ्रेंच असतात. बेल्जम, स्वित्झर्लंड, क्वेबेक येथून आलेल्यांचेंही विशेष वाटावयास नको. त्यांच्या घरांत हीच भाषा बोलली जाते. नवल वाटतें तें ज्याची मातृभाषा फ्रेंच नाहीं अशा रसिकाचें. कोणी जर्मनीचा असतो, कोणी इंग्लंडचा, क्वचित् कोणी त्याहूनही दूरचा. त्याला तेथें व्यापार करावयाचा नसतो, पदवी मिळवावयाची नसते. त्याचे नातेवाईकही तेथें नसतात. वर्षभर सांठविलेले पैसे खर्चून तो केवळ गाणें ऐकावयास येतो. गाणें तर घरबसल्याही ऐकूं येतें. मग हा माणूस एवढ्या दूर कां येतो, आणि येऊन त्याला काय मिळतें?

या प्रश्नाचें उत्तर देण्यापूर्वीं उत्सवाच्या जन्माची हकीकत सांगितली पाहिजे. तो जन्मास घातला एका रेडिओवाल्यानें. झां-लुई फुल्किए हे ला रोशेलचेच रहिवासी. ‘फ्रान्स अँतेर’ या सार्वजनिक रेडिओ केंद्रावरून ते वर्षानुवर्षें गाण्यांचे कार्यक्रम सादर करीत असत. १९८५ सालीं त्यांनीं आपल्या गांवीं हा उत्सव प्रथम भरविला. २०१३ सालीं ते वारले. उत्सवाच्या मुख्य रंगमंचाला त्यांचेंच नांव देण्यांत आलें आहे. रेडिओवर बोलणाऱ्याला आपले श्रोते दिसत नाहींत आणि श्रोत्यांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. एकच गाणें एकाच क्षणीं लाख घरांत वाजतें, पण प्रत्येक घराला वाटतें कीं तें आपल्यापुरतेंच आहे. अशा विखुरलेल्या कानांना एका पटांगणावर आणून बसवावें, ही कल्पना रेडिओवाल्यालाच सुचावी यांत आश्चर्य नाहीं.

तो काळही तसाच होता. १९६० नंतरच्या वर्षांत इंग्रजी गाण्यांच्या तबकड्यांचा लोंढा सगळ्या युरोपवर आला होता. फ्रेंच तरुणांच्या ओठांवर इंग्रजी शब्द रुळूं लागले होते. फ्रेंच लोकांचा स्वतःचा गीतप्रकार म्हणजे ‘शांसों’. तो शब्दप्रधान असतो. त्यांत सूर शब्दांना वाट मोकळी करून देतात आणि स्वतः बाजूला उभे राहतात. झॉर्झ ब्रासँस हा गायक हातांत गिटार घेऊन अगदीं साध्या चालींत स्वतःच्या रचना गात असे. पण त्या रचनांची योग्यता अशी कीं १९६७ सालीं फ्रेंच अकादमीनें त्याला काव्याचें मोठें पारितोषिक दिलें. ज्या भाषेंत गाणारा माणूस कवि म्हणून गौरविला जातो, त्या भाषेला आपलीं गाणीं हरपत आहेत हें पाहून काळजी वाटणें स्वाभाविक होतें. पुढें सरकारलाही ती वाटली. १९९४ सालच्या कायद्यानें असें ठरविलें कीं रेडिओ केंद्रांनीं लोकप्रिय गाण्यांपैकीं निदान शेंकडा ४० गाणीं फ्रेंच भाषेंतील लावावीं, आणि १९९६ सालापासून तो नियम अमलांत आला. कायदा रेडिओला गाणें लावावयास भाग पाडूं शकतो. परंतु तिकीट काढून, तासन् तास उभें राहून तें ऐकावें, अशी सक्ति कोणताही कायदा करूं शकत नाहीं. तेथें आवडच लागते. परदेशी रसिकाला तर सक्तीचा वाराही लागलेला नसतो. त्याच्याजवळ केवळ आवड असते.

ही आवड उपजते कशी, हें पाहण्यासारखें आहे. बहुधा प्रथम कानावर पडतो एक आवाज. १९७८ सालीं मरण पावलेल्या झाक ब्रेलचा असेल, नाहीं तर १९६३ सालीं गेलेल्या एदित पियाफचा असेल. शब्द एकही कळत नाहीं, पण गाणारा माणूस कांहीं तरी अत्यंत निकडीचें सांगत आहे एवढें मात्र कळतें. मग तेंच गाणें पुन्हां पुन्हां ऐकावयाचें, कोश उघडावयाचा, एखाद्या वर्गांत नांव घालावयाचें. मुंबई-पुण्यास आलियांस फ्रांसेजच्या वर्गांत जाणाऱ्या मंडळींतही परीक्षेसाठीं येणाऱ्यांबरोबर अशा एखाद्या गाण्याच्या मागें लागून आलेला विद्यार्थी भेटतो. पाठ्यपुस्तकांत आधीं अर्थ येतो आणि मागून उच्चार. याच्या बाबतींत सारा क्रमच उलटा. ध्वनि तोंडपाठ असतो आणि अर्थ हळूहळू, एकेक कडवें करून, उलगडत जातो.

येथें एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. पुण्यास १९५३ सालीं सुरूं झालेल्या सवाई गंधर्व महोत्सवाला परदेशांतूनही श्रोते येतात. त्यांना चिजेचे शब्द समजले नाहींत तरी राग समजूं शकतो. आलापाला कोश लागत नाहीं. शांसोंचें तसें नाहीं. शब्द काढून घेतले तर मागें उरतें तें थोडें असतें. म्हणून फ्रेंच गाण्याच्या ओढीनें निघालेला रसिक खरें पाहतां एका भाषेच्या घरीं पाहुणा म्हणून निघालेला असतो.

पाहुण्याची तयारीही सोपी नसते. आपल्याकडील माणसाला शेंगेन देशांचा व्हिसा काढावा लागतो. त्यासाठीं बँकेचीं कागदपत्रें, विमा, राहण्याची सोय, सर्व दाखवावें लागतें. व्हिसाच्या अर्जांत प्रवासाचा हेतु लिहावयाचा असतो. नोकरी, शिक्षण, आप्तांची भेट हे हेतु कोणालाही पटतात. ‘गाणें ऐकणें’ हा हेतु लिहितांना चांगल्या धीट माणसाचाही हात क्षणभर थबकावा. पुढें पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकावरून जलद गाडीनें सुमारें तीन तासांत ला रोशेल येतें. जुलै महिना म्हणजे तेथील समुद्रस्नानाचा हंगाम. त्यांत उत्सवाची भर पडल्यामुळें खोली महिनोन् महिने आधीं धरून ठेवावी लागते. ज्याला तें जमलें नाहीं तो शेजारच्या गांवीं मुक्काम करतो आणि रात्रीं शेवटच्या गाडीची काळजी वाहत गाणीं ऐकतो.

पहिल्या दिवशीं त्याची थोडी फजिती होते. इतकीं वर्षें शिकलेली भाषा दुकानांत आणि रस्त्यांत ओळखूंच येत नाहीं. याला एक गमतीचें कारण आहे. फ्रेंचमध्यें शब्दाच्या शेवटीं येणारा एक अस्फुट स्वर बोलतांना गिळून टाकतात, पण जुन्या धाटणीच्या गाण्यांत त्याला पुरी मात्रा देतात. ‘फ्रांस्’ हा शब्द बोलतांना एकाक्षरी असतो; गातांना तो ‘फ्रां-स’ असा दोन स्वरांवर पसरतो. मराठी माणसाला हें समजावयास कठीण जाऊं नये. आपणही बोलतांना ‘घर्’ म्हणतों, आणि ओवींत किंवा अभंगांत तोच शब्द ‘घ-र’ असा पूर्ण अकारासह उमटतो. ज्यानें भाषा गाण्यांतून शिकली, त्याच्या कानाला अशी सावकाश, सगळीं अक्षरें जपणारी फ्रेंच परिचयाची असते. बाजारांतली घाईची फ्रेंच त्याला नवी वाटते. लोकांनाही त्याचें बोलणें ऐकून गंमत वाटते. कारण भाजी विकत घेतांना तो गाण्यांतलीं अक्षरें उच्चारीत असतो.

संध्याकाळ होते, पण अंधार होत नाहीं. त्या दिवसांत तेथें सूर्य मावळावयास रात्रीचे पावणेदहा वाजून जातात. समुद्रावरून वारा येत असतो. बुरुजांचे दगड पिवळसर दिसूं लागतात. कोणी गायक एखादें जुनें गाणें सुरूं करतो आणि मध्येंच थांबून ध्वनिक्षेपक लोकांच्या दिशेनें धरतो. मग सारें पटांगण गाऊं लागतें. परदेशी रसिकालाही शब्द पाठ असतात, तोही गातो. आपल्या खोलींत एकट्यानें म्हटलेलें गाणें हजारों कंठांतून बाहेर पडतांना ऐकून त्याच्या अंगावर कांटा उभा राहतो. एवढ्यासाठींच आपण आलों होतों, असें त्याला वाटतें.

परंतु त्याच क्षणीं त्याला दुसरेंही कांहीं कळतें. शेजारची प्रौढ बाई तेंच कडवें म्हणतांना डोळे पुसत असते. तिला तें गाणें शिकावें लागलें नव्हतें. तें तिच्या आईच्या स्वयंपाकघरांत चालू असे, कोणाच्या लग्नांत वाजलें असेल, कोणाला निरोप देतांना आठवलें असेल. रसिकाजवळ शब्दांचा अर्थ आहे. त्या बाईजवळ शब्दांचें वय आहे. या उत्सवांत एखाद्या कलावंताच्या सन्मानार्थ एक खास सभा भरविण्याची प्रथा आहे. त्या सभेंत इतर गायक त्याचीं गाणीं गातात. अशा वेळीं एकच गाणें तीन पिढ्यांच्या आवाजांतून फिरतांना दिसतें, आणि तबकडी ऐकून जें कधींच कळलें नसतें तें कळतें: गाणें हें गायकाच्या मालकीचें असण्यापेक्षां तें म्हणणाऱ्यांच्या मालकीचें अधिक असतें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो गांव पाहावयास निघतो, आणि गाण्याच्या मागें उभा असलेला इतिहास त्याला भेटतो. १६२७-२८ मध्यें या प्रॉटेस्टंट शहराला कार्डिनल रिशेल्यूनें वेढा घातला. अन्नावांचून शहराची बहुतेक वस्ती नष्ट झाली. याच रिशेल्यूनें पुढें १६३५ सालीं फ्रेंच भाषेचें रक्षण करणारी फ्रेंच अकादमी स्थापिली. याच बंदरांतून अठराव्या शतकांत आफ्रिकेंतील माणसांना गुलाम म्हणून विकणारीं जहाजें निघत. तशा सफरींची संख्या ४०० हून अधिक भरते. आणि याच बंदरांतून १६४१ सालीं मेझोनव्ह आणि झान माँस यांनीं आपल्या सोबत्यांसह अटलांटिक महासागर ओलांडला व दुसऱ्या वर्षीं, १६४२ सालीं, माँट्रिअल शहराचा पाया घातला. एकाच बंदरांतून एक भाषा कोठें वस्ती करावयास गेली, तर कोठें बेड्या घेऊन गेली.

म्हणून ज्याला ही यात्रा पुरी करावयाची आहे तो एका वर्षीं ला रोशेलला जातो आणि दुसऱ्या वर्षीं माँट्रिअलला. तेथील फ्रांकोफोली उत्सव १९८९ सालीं सुरूं झाला. आतां तो जून महिन्यांत, शहराच्या ऐन मध्यभागीं, बऱ्याच अंशीं उघड्यावर व विनामूल्य होतो. दरम्यान १९९४ सालीं बेल्जममधील स्पा या औषधी झऱ्यांच्या गांवानेंही आपला फ्रांकोफोली उत्सव सुरूं केला होता. परंतु माँट्रिअलची गोष्ट निराळी आहे. ला रोशेलला फ्रेंच ही घरधनीण आहे. माँट्रिअलला ती चारी बाजूंनीं इंग्रजीनें वेढलेली आहे. १७६३ च्या तहानें फ्रान्सनें हा प्रदेश इंग्लंडच्या हवालीं केला. कॅनडांत आज फ्रेंच मातृभाषा असलेले लोक सुमारें पंचमांश आहेत. अशा वेढ्यांत भाषा टिकली ती घरें, चर्च, शाळा आणि गाणीं यांच्या बळावर.

१३ ऑगस्ट १९७४ रोजीं क्वेबेक शहरांतील मैदानावर फेलिक्स लक्लेर, झील विन्यो आणि रोबेर शार्लब्वा हे तीन पिढ्यांचे गायक एका रंगमंचावर आले. ज्या मैदानावर १७५९ सालीं इंग्रजांनीं फ्रेंच सैन्याचा पराभव केला होता, त्याच मैदानावर त्या रात्रीं प्रचंड जनसमुदायानें त्यांचीं गाणीं ऐकलीं. तीन वर्षांनीं, १९७७ सालीं, क्वेबेकनें फ्रेंच भाषेच्या हक्कांचा प्रसिद्ध कायदा केला. गाण्यामुळें कायदा झाला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण कायद्याच्या आधीं गाणें आलें होतें, हें विसरतां येत नाहीं. उलट दक्षिणेकडे, अमेरिकेच्या लुइझिआना संस्थानांत, १९२१ च्या राज्यघटनेनें शाळांतून फ्रेंचला हद्दपार केलें. शाळेंत ती बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेलीं मुलें मोठीं झालीं आणि त्यांनीं आपल्या मुलांना ती शिकविलीच नाहीं. तेथें आज ती भाषा गाण्याच्या आधारानेंही तग धरून आहे.

माँट्रिअलच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या परदेशी रसिकाला म्हणूनच गाण्याचा निराळाच अर्थ लागतो. पटांगणाच्या एका बाजूला लोक फ्रेंचमध्यें गात असतात आणि दोन गल्ल्या ओलांडल्या कीं इंग्रजी ऐकूं येतें. येथें गाणें ही करमणूक आहेच. पण आपण अजून आहोंत, असें एकमेकांना सांगण्याची ती एक रीतही आहे.

मात्र फ्रेंच ही केवळ पीडित भाषा आहे असा समज करून घेणें चुकीचें ठरेल. तिनेंही सासुरवास भोगण्याआधीं पुष्कळ सासूपणा केला आहे. १७९४ सालीं आबे ग्रेग्वार यानें क्रांतिकाळांतील सभेपुढें जो अहवाल मांडला, त्यांत निदान ६० लाख फ्रेंच प्रजाजनांना ही भाषा मुळींच येत नाहीं असें म्हटलें होतें. त्यांच्या भाषा निराळ्या होत्या: ब्रेतों, ऑक्सितां, बास्क. पुढें शाळांनीं त्या भाषा मागें रेटल्या. आफ्रिकेंत आणि हिंदी चीनमध्यें फ्रेंच गेली ती राज्यकर्त्यांची भाषा म्हणून. आज तिच्या गाण्यांत जी नवी धग आहे ती पुष्कळशी त्याच वाटेनें परत आली आहे. एम्. सी. सोलार हा कवि-गायक जन्मला डाकारला. त्याचे आईबाप चाड देशचे. स्ट्रोमाए हा ब्रुसेल्सचा. त्याचे वडील १९९४ सालच्या रुआंडांतील हत्याकांडांत मारले गेले. ‘स्ट्रोमाए’ हें नांवही ‘माएस्ट्रो’ या शब्दाचीं अक्षरें उलटीं करून बनविलेलें आहे. फ्रेंच तरुणांच्या बोलींत शब्द असे उलटविण्याची जुनी खोड आहे. ब्रासँस आणि ब्रेल यांच्यासाठीं आलेला रसिक या नव्या गाण्यापुढें प्रथम बावरतो. परंतु ज्यांच्या पूर्वजांवर ही भाषा लादली गेली त्यांनीं तिला आपली करून, तिच्यांतच आपलें दुःख आणि राग सांगावा, हें ऐकण्यासाठींही मुद्दाम जावें असें आहे.

२०२० सालीं साथीमुळें ला रोशेलचा आणि माँट्रिअलचा, दोन्ही उत्सव झाले नाहींत. गाणीं कोठें गेलीं नव्हतीं; घराघरांत, यंत्रायंत्रांत तीं होतींच. पण पटांगणें रिकामीं होतीं. ऐकणें आणि एकत्र ऐकणें या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें त्या वर्षीं पुष्कळांना नव्यानें कळलें. परगांवचा रसिक कां जातो, याचें अर्धें उत्तर येथें मिळतें.

उरलेलें अर्धें उत्तर उत्सवाच्या शेवटच्या रात्रीं मिळतें. सभा संपल्यावर बंदराकाठच्या उपाहारगृहांत ओळखीच्या झालेल्या मंडळींचें टेबल जमतें. गाणीं सुरूं होतात. पाहुण्याला एवढीं फ्रेंच गाणीं येतात याचें कौतुक होतें, आणि मग कोणी तरी अगदीं सहज विचारतें, “आतां तुमच्या भाषेंतलें एखादें म्हणा.” साधाच प्रश्न, पण पाहुणा अडखळतो. पहिली ओळ येते, दुसरी येते. तिसऱ्या ओळीला शब्द हरवतात आणि केवळ चाल उरते. परक्या भाषेंतील पन्नास गाणीं ज्याला अथपासून इतिपर्यंत येतात, त्याला स्वतःच्या आजीच्या तोंडचें एक गाणें पुरें म्हणतां येत नाहीं. टेबलाभोवतालचीं माणसें तरीही वाट पाहत असतात. त्यांना तें गाणें खरोखरच ऐकावयाचें असतें.

त्या क्षणाची लाज ही या यात्रेची खरी दक्षिणा होय. आपल्या भाषेंत गाणें टिकावें म्हणून एका समाजानें काय काय केलें, हें पाहावयास माणूस हजारों मैल जातो. आणि परततांना आपल्या घरांतील एका गाण्याचे राहिलेले शब्द शोधावयाचे आहेत, एवढी आठवण बरोबर आणतो. घरीं पोंचल्यावर सामान सोडण्यापूर्वींच तो एखाद्या वडीलधाऱ्या माणसाशेजारीं जाऊन बसतो आणि त्या गाण्याची तिसरी ओळ काय होती तें विचारतो. त्यांना ती आठवली, तर तो ती लिहून घेतो.